मालिशची खुर्ची आणि मामाची जागा

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
१२ जून २००५

ती. सौ. वसुंधराताईस,

चंद्रहासचा नमस्कार. साष्टांग लिहायला घेतला होता, पण आठांपैकी एक अंग सध्या माझ्या ताब्यात नाही. तुला या पत्रात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे, तेव्हा हा नमस्कार भिंतीला टेकून, उभ्यानेच केलेला समजावा. भावोजींनाही तसाच सांग. त्यांची साखर आता कशी आहे? लग्नातल्या जिलब्यांनी वाढली असेल तर तो दोष मात्र मी घेणार नाही. त्या दिवशीचा बाकीचा सगळा दोष माझाच आहे, आणि तो घेण्यासाठीच हे पत्र.

फोनवरही सांगितलं असतं. परवा मी फोन केला तेव्हा पलीकडून कोणीतरी बाई म्हणाल्या, "वसुंधराबाई घरी नाहीत," आणि फोन ठेवला. ताई, जन्मल्यापासून मी तुझा आवाज ऐकतो आहे. तू नाक दाबून बोललीस तरी तो तुझाच असतो. (आणि आपल्या घरात तुला "वसुंधराबाई" कोणी म्हणत नाही, हेही तुझ्या लक्षात राहिलं नाही, इतकी तू रागावलेली होतीस.) तेव्हा मुकाट्याने रिसीव्हर ठेवला आणि पॅड घेतलं. पत्र फाडता येतं, पण निदान ते मधेच ठेवून देता येत नाही.

तू का रागावली आहेस ते मला यमुनेकडून कळलं. मी लग्नाला आलो नाही एवढ्यावरून तू रागावली नसतीस. पाठ धरली असं कळवलं होतं, आणि पाठ कोणाचीही धरते. पण विरारचा सुमेध, भावोजींचा पुतण्या, पंक्ती बसायच्या वेळी खिशातून एक रंगीत कागद काढतो काय, आणि "मामा पेपरात आले!" म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवतो काय! पेपरात नव्हे, पेपरात घालून घरोघर टाकतात त्या जाहिरातीत. एका मोठ्या खुर्चीत मी पाय पसरून, दोन्ही हात वर करून हसतो आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, "पाठदुखीला कायमचा रामराम! श्री. चंद्रहास सर, वसई." ज्या मामाने पाठीचं कारण सांगून भाचीचं लग्न टाळलं, त्याचा हा फोटो देवरुखच्या मांडवात पानापानावरून फिरला. तुझ्या जागी मी असतो तर मीही फोन उचलला नसता. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो. जरा लांबेल, पण मी ड्राफ्ट्समन माणूस, अर्धवट नकाशा कोणाच्या हातात देत नाही.

सुरुवात पाण्याने झाली. आमच्या कॉलनीत सगळं आहे. बाग आहे, शाळा आहे, कमानी आहेत, फक्त नळाला पाणी नाही. ते टँकरने येतं आणि त्याला यायची वेळ नसते. मार्च संपता संपता एकदा टँकर आला तेव्हा लिफ्ट बंद होती, चिरंजीव हर्षवर्धन कामावर गेला होता आणि मी गेली दोन वर्षं व्ही.आर.एस. घेऊन घरीच असल्यामुळे घरातला एकमेव मोकळा पुरुष होतो. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन जिना चढलो. वरच्या पायरीवर पोचलो, हंडा उतरवायला वाकलो आणि तसाच राहिलो. यमुनेला आधी वाटलं की मी हंड्यात काहीतरी पडलं ते बघतो आहे. आयुष्यभर मी ड्रॉइंग बोर्डावर वाकून पंपांचे नकाशे काढले, तेव्हा ही पाठ कधी चकार शब्द बोलली नव्हती. कंपनीत कॉम्प्युटर आले, बोर्ड अडगळीत गेले, मी घरी आलो आणि मग हिला वाचा फुटली.

यमुनेने त्याच आठवड्यात मला वसई गावात ग्रेसी तुस्कानो म्हणून एक फिजिओथेरपिस्ट आहेत (हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, यमुना "व्यायामाची डॉक्टर" म्हणते), त्यांच्याकडे नेलं. चर्चच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं बैठं घर आहे, मागे केळीची वाडी, पुढच्या खोलीत दवाखाना. मी मनात यंत्रांची तयारी करून गेलो होतो. दिवे लागतील, काटे हलतील, कागदाची पट्टी बाहेर येईल, असं काहीतरी. तिथे होती एक चटई, एक उंच पलंग आणि एक टॉवेल. बाईंनी मला पालथं झोपवलं, पाठीच्या मणक्यांवरून बोटं फिरवली, एका जागी दाबलं (तिथे मी जे ओरडलो ते बाहेर बसलेल्या दोन पेशंटनी ऐकलं आणि त्यातला एक उठून गेला), मग म्हणाल्या, "काका, काही मोठं झालेलं नाही. पण स्नायू अगदी लेचेपेचे झालेत. मी दाखवते ते व्यायाम रोज करायचे, आठवड्यातून दोनदा माझ्याकडे यायचं, वाकून काही उचलायचं नाही. महिन्याभरात चांगले चालाल."

"मे महिन्यात भाचीचं लग्न आहे," मी म्हटलं. "मामा आहे मी. उभं राहावं लागेल."

"मग तर करायलाच हवेत," त्या म्हणाल्या आणि टॉवेलची गुंडाळी कंबरेखाली ठेवून ती पाठीने दाबायला लावली. ताई, चोपन्नाव्या वर्षी जमिनीवर उताणं पडून टॉवेल दाबत बसणं यात मला औषध काही दिसेना. शिवाय रिक्षा. एव्हरशाईनपासून वसई गावापर्यंत जाताना रिक्षा पाठ जेवढी मोडते, तेवढीच बाई दुरुस्त करणार आणि येताना रिक्षा ती पुन्हा मोडणार, असं मी यमुनेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बसने जाऊ." एकूण मी तीन वेळा गेलो. (यमुना म्हणते दोनच. तिसऱ्यांदा मी गल्लीच्या तोंडाशी उसाचा रस पिऊन परत आलो होतो.)

याच सुमारास मला हितेश भेटला. स्टेशनजवळ एका हॉलमध्ये मालिशच्या खुर्च्यांचं केंद्र निघालं होतं. सकाळी जायचं, नंबर लावायचा, खुर्चीत फुकट बसायचं. विकत घ्यायची सक्ती नाही. हा हितेश म्हणजे टाय लावलेला, तुळतुळीत दाढी केलेला एक पोरगेला गृहस्थ, तोंडात साखर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला हाताला धरून बसवलं, बटण दाबलं आणि ती खुर्ची, ताई, सजीव झाली! पाठीमागून दोन मुठी खालून वर सरकायला लागल्या, पोटऱ्या कोणीतरी प्रेमाने दाबायला लागलं आणि खुर्चीतल्या कुठल्यातरी बाई परक्या उच्चारात "प्लीज रिलॅक्स" म्हणाल्या. मला इतक्या अजिजीने कोणी काही करायला सांगून किती वर्षं झाली असतील!

पण खरं सांगू का, मी रोज तिथे जायला लागलो तो खुर्चीसाठी नाही. तिथे सकाळी आमच्यासारखे वीसेक रिकामे लोक जमत. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून. चांदीपचे एक शेतकरी आजोबा तर एसटीने यायचे. मी त्यांना विचारलं, एवढ्या लांबून कशाला येता, तर म्हणाले, "घरी खाटेवर पडलो तर कोन विचारते? हितं चार मानसं म्हनतात, आज कसं वाटते." मी हसलो, पण माझंही तेच होतं. कंपनीत माझ्या सहीशिवाय एक पंप बाहेर पडत नसे. घरी आल्यापासून माझं मत फक्त भाजीत मीठ पुरेसं आहे का एवढ्यापुरतं विचारलं जायचं. केंद्रात मात्र मालिश झालं की हितेश एकेकाला उभं करून अनुभव सांगायला लावायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. माझी पाळी आली तेव्हा मी मणका म्हणजे काय, तो पंपाच्या शाफ्टसारखा कसा, त्याला तेलपाणी का लागतं, हे असं काही समजावून सांगितलं की टाळ्या थांबेनात. हितेश म्हणाला, "सर, आपके जैसा बोलनेवाला मी अख्ख्या वसईत नाय बघितला." त्या दिवसापासून मी "अंकल"चा "सर" झालो. रोज शेवटचं भाषण माझं. भाषणात मी पाठ पूर्ण बरी झाल्याचं सांगत असे. सांगताना ती झालेली असायचीसुद्धा! घरी येऊन चप्पल काढायला वाकेपर्यंत टिकायची. त्यातल्याच एका भाषणानंतर तो फोटो काढला. मी "हरकत नाही" असं म्हटलं. छापणार आहेत हे मला माहीत होतं, ताई. देवरुखला पोचेल हे माहीत नव्हतं.

यमुनेला मी रोज रात्री जेवताना खुर्ची की ग्रेसी, हा विषय दोन्ही बाजू मांडून सांगत असे. खुर्ची घरात राहते, डॉक्टरकडे जावं लागतं. खुर्ची कधीही उपलब्ध, डॉक्टर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते. खुर्ची आपल्याला काही करायला लावत नाही. यमुना एकदाच बोलली, पण असं बोलली की मला अजून आठवतं. "खुर्ची तुमची पाठ बघते का? ग्रेसीबाई निदान बघून तरी सांगतात. पण तुम्हाला पाठ बरी करायचीच नाहीये. तुम्हाला तिच्याविषयी बोलायचं आहे." मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही आणि चौथ्या दिवशी खुर्ची घेतली. (किंमत लिहीत नाही. हे पत्र भावोजीही वाचतील आणि त्यांना आधीच रक्तदाब आहे.)

खुर्ची आली तो दिवस सोसायटीत अजून सांगतात. ती लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. शेवटी चार हमालांनी आडवी करून वर आणली, तर दारातून आत जाईना. दार बिजागऱ्यांतून काढलं. आत आली, तर ठेवायला जागा नाही. काचेचं कपाट गॅलरीत गेलं, टीव्ही बेडरूममध्ये गेला, आणि खुर्ची बसली ती नेमकी स्वयंपाकघराच्या वाटेत. तेव्हापासून यमुना स्वयंपाकघरात आडवी होऊन जाते. (तिची पाठ धडधाकट आहे, ती वळते.) शेजारची मटिल्डा बघायला आली. ती खुर्चीकडे बराच वेळ बघून म्हणाली, "काका, आमच्या फादरला पन एवढी मोठी नाय." खुर्ची घरी आली आणि केंद्रात जायचं कारण उरलं नाही. मग कळलं की टाळ्या खुर्चीबरोबर येत नाहीत. मी एकटाच बसायचो, "प्लीज रिलॅक्स" ऐकायचो, उठायचो. पाठ होती तशीच. उलट आतल्या मुठी नेमक्या दुखऱ्या जागी रोज दणके घालत होत्या, पण एवढी खुर्ची घेतल्यावर हे कोणाला सांगणार? विचारलं की "फरक आहे" म्हणायचो. कसा फरक ते कोणी विचारलं नाही.

बाजारात एकदा ग्रेसीबाई भेटल्या. भाजी घेत होत्या. "काका, आला नाहीत?" म्हणाल्या. मी म्हटलं, घरीच व्यवस्था केली आहे. त्या म्हणाल्या, "ठीक. पण टॉवेल सोडू नका." मी मान हलवली आणि पिशवी उचलायला वाकलो, तेव्हा त्यांनीच ती पटकन उचलून माझ्या हातात दिली. तेवढ्यानेही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एप्रिलअखेर स्वप्नाचा फोन आला होता. तू तिला सांगितलं नसशील कदाचित, तिने आपण होऊन केला होता. म्हणाली, "मामा, शालू फार जड आहे, गौरीहरापासून मांडवापर्यंत मी नक्की अडखळणार. तू घट्ट धर हं. आणि मागून हलू नकोस, नाहीतर मला रडू येईल." मी तिला म्हटलं, तू डोळे मिटून चाल. ताई, हे वाक्य मी खुर्चीत बसून, पोटऱ्या दाबून घेत म्हटलं होतं.

आता निघायच्या आदल्या दिवसाचं. दुपारची वेळ, यमुना वसई गावात शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने एवढा लांब प्रवास, तेव्हा पाठ जरा जास्त मऊ करून घ्यावी म्हणून मी खुर्चीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम लावला. खुर्ची मागे झुकली, पाय डोक्याच्या पातळीला गेले, दोन्ही मुठी कंबरेपाशी पुढे आल्या आणि वीज गेली. हे भारनियमन आम्हाला रोजचंच आहे, पंखा बंद झाला की आम्ही वर्तमानपत्राने वारा घेतो. पण मला कोणी सांगितलं नव्हतं की वीज गेली की खुर्ची आहे त्या अवस्थेत गोठते. पाय वर, डोकं खाली, आणि त्या दोन मुठी माझ्या दुखऱ्या जागी रुतून बसलेल्या. मी थोडा वेळ थांबलो. मग हाका मारल्या. मग एका कुशीवर होऊन हातावरून खाली उतरायचा प्रयत्न केला. त्यात पाठीत कट् असा आवाज झाला. वाळलेली फांदी मोडावी तसा. आणि मी खुर्चीसमोर गुडघ्यांवर पडलो, कपाळ खुर्चीच्या बैठकीवर, दोन्ही हात पुढे. त्यापुढे मला काही हलवता येईना.

मटिल्डाकडे आमच्या दाराची एक किल्ली असते. माझ्या हाका ऐकून ती आली, दार उघडलं आणि तिथेच थांबली. मी कण्हत होतो, आणि कण्हताना "देवा, देवा" म्हणत होतो. तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "होऊ द्या काका तुमची प्रार्थना. मी थांबते." खरंच थांबली! मी जितका जास्त "देवा" म्हणे, तितकी ती जास्त भक्तिभावाने थांबे. शेवटी मी "यमुनेला बोलव" असं ओरडलो तेव्हा तिला उलगडा झाला. ती मला उचलायला पुढे झाली आणि नेमकी वीज आली. खुर्ची जिथे थांबली होती तिथून पुढे चालू झाली आणि बैठकीतल्या त्या कंप देणाऱ्या यंत्राने माझं कपाळ असं काही हलवायला सुरुवात केली की माझे दात वाजायला लागले. वरून त्या बाई, "प्लीज रिलॅक्स." मटिल्डाने प्लग उपटला. त्यानंतर तो मी परत लावलेला नाही.

संध्याकाळी ग्रेसीबाई घरी आल्या. "मी म्हटलं होतं" वगैरे काही नाही. सरळ झोपवलं, शेक दिला, गोळी दिली आणि यमुनेला बाहेर नेऊन सांगितलं की प्रवास शक्य नाही. मला ते ऐकू आलं. मी आतून म्हटलं, मी जाणार. पहाटे हर्षवर्धनच्या मित्राची सुमो आली. मला दोघांनी धरून एकेक पायरी खाली उतरवलं. उभं राहता येत होतं, ताई, अगदी ताठ उभं राहता येत होतं. फक्त वाकता येत नव्हतं. आणि सुमोत वाकल्याशिवाय बसता येत नाही. पुढच्या दाराने करून पाहिलं, मागच्या दाराने करून पाहिलं, सगळ्या सीट पाडून आडवं सरकवूनही पाहिलं. त्यात मी जो ओरडलो त्याने दोन इमारतींत दिवे लागले. यमुना पैठणी नेसून उभी, हर्षवर्धन घामाने भिजलेला. यमुना म्हणाली, "मी राहते." मी म्हटलं, नाही, माझ्याकडचं कोणी तरी तिथे पाहिजे. गाडी निघाली. मी फेट्याची पिशवी हातात धरून गेटपाशी उभा होतो. वॉचमन म्हणाला, "काय साहेब, पोचवायला आलात?" मी हो म्हटलं.

मुहूर्ताच्या वेळी हर्षवर्धनने मांडवातून मोबाईल लावून धरला होता. घरी मी जमिनीवर चटईवर, फोनचा स्पीकर लावून उशाशी ठेवलेला. ग्रेसीबाई शेक द्यायला आल्या होत्या, मटिल्डा पेज घेऊन आली होती. मी मटिल्डाला म्हटलं, मूठभर तांदूळ घे आणि त्याला देवापाशी डबीत लाल पूड आहे ती लाव. ती आत गेली, बऱ्याच वेळाने अक्षता घेऊन आली. ग्रेसीबाई म्हणाल्या, "काका, मलाही द्या थोड्या." अशा आम्ही तिघांनी मुठी धरल्या. फोनवर भटजींचा आवाज येत होता, मधेच खरखर, मधेच कोणाचं तरी लहान मूल रडत होतं. मी त्या खरखरीत स्वप्नाचा आवाज शोधत होतो. नवरी काही बोलत नसते हे माहीत असूनही शोधत होतो. दर "सावधान"ला त्या दोघींनी देवरुखच्या दिशेला, म्हणजे आमच्या गॅलरीकडे, अक्षता टाकल्या. मी उताणा. मी वर उडवल्या त्या सगळ्या माझ्याच तोंडावर आल्या, आणि डोळे असे काही झोंबले की विचारू नकोस. मटिल्डाने देवघराला परक्याने हात कशाला लावायचा म्हणून फळीवरची लाल पूड घेतली होती. तिखट होतं ते. ती बिचारी घाबरली, पाणी आणायला पळाली. ग्रेसीबाई ओल्या टॉवेलने माझे डोळे पुसत होत्या आणि पाणी काही थांबेना. मी दोघींना सांगितलं, तिखट फार जहाल आहे. मटिल्डा म्हणाली, "हो काका, घरचंच आहे." ग्रेसीबाईंनी टॉवेल पिळून परत डोळ्यांवर ठेवला. फोन चालूच होता.

असं झालं, ताई. मी टाळलं नाही. पण जे झालं ते टाळता आलं नसतं, असंही मला म्हणता येत नाही. महिनाभर टॉवेल दाबला असता तर स्वप्नाचा हात माझ्या हातात असता. माझ्यासमोर दोन दारं होती, त्यातल्या एकात मला रोज थोडं दुखणार होतं आणि दुसऱ्यात टाळ्या होत्या. आता रोज सकाळी चटईवर पडून टॉवेल दाबतो. ग्रेसीबाई म्हणतात प्रगती आहे. टाळ्या कोणी वाजवत नाही. स्टेशनजवळच्या केंद्रात माझा तो फोटो मोठा करून लावला आहे. मी हितेशला जाऊन सांगितलं, काढ. तो म्हणाला, "सर, आपका फोटो देखके सबसे जास्त लोक येतात." त्या रांगेत आमच्या इमारतीतले दोघे बसलेले होते. मी त्यांना माझी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

स्वप्नाला काय लिहावं हे मला सुचत नाही. दोनदा पॅड घेतलं, "चि. स्वप्नास" लिहिलं आणि पुढे हात चालला नाही. तू तिला यातलं सांगायचं तेवढं सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. भावोजींना नमस्कार, आणि तुला, धाकट्याने मोठ्या बहिणीला करायचा तो, ज्याला वाकायची गरज नसते तो.

तुझा,
चंद्रहास

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. उद्या लांज्याकडे आंब्याच्या पेट्या आणायला जाणारा एक टेम्पो रिकामा जातो आहे. त्यातून खुर्ची पाठवतो आहे, म्हणजे तुला पत्र मिळेपर्यंत ती तुझ्या ओटीवर असेल. भावोजींची कंबर दुखते असं ऐकलं. यमुना म्हणते घरात एक तर खुर्ची राहील किंवा ती. कृपा करून ठेवून घे. प्लग न लावता ती बसायला फार चांगली आहे.

आ. ता. क. : ती जाहिरात फाडली नसशील तर पाठवून दे. इतका चांगला फोटो माझा कधी आलेला नाही.

आणखी एक : लग्नाची सीडी तयार झाली असेल तर तीही पाठव. माझ्या जागी लांज्याचा काशीराम उभा होता असं यमुना सांगते. तो आपला मावसभाऊ, तेव्हा हरकत काही नाही, पण तो स्वतःच्या लग्नातसुद्धा खांबाला टेकला होता. नीट उभा राहिला ना, एवढंच बघायचं आहे.

---

सौ. वन्संना यमुनेचा नमस्कार.

पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. त्यांना माहीत नाही. खुर्चीचं त्यांनी लिहिलंय ते खरं आहे, टेम्पो गेला. रागावू नका, मला स्वयंपाकघरात सरळ जाऊन दोन महिने झाले होते.

वन्सं, काशीरामभाऊंचं मीच त्यांना खोटं सांगितलं. भटजींनी मामाला पुढे बोलावलं, काशीरामभाऊ उठलेही होते, आणि स्वप्ना म्हणाली, "मामाची जागा आहे ती, राहू दे तशीच," आणि एकटीच चालत आली, हे मला त्यांच्यासमोर बोलवेना. सीडीत तिच्या मागे मोकळी जागा दिसणार. ते एकट्याने बघतील तर मला त्यांना आवरता येणार नाही. म्हणून सीडी पोस्टाने पाठवू नका. जावईबापूंना आणि स्वप्नाला एक दिवस इकडे पाठवा, तिच्याच हाती द्या. ती शेजारी बसली असेल तर ते बघू शकतील.

आपली,
यमुना